चूक बोटाची की बटणाची?

सुरुवातीच्या बऱ्याच एटीएमचा क्रम असा असायचा: पिन टाका, रक्कम सांगा, पैसे घ्या, शेवटी कार्ड घ्या. कागदावर यात काहीच खोट नाही. प्रत्यक्षात मात्र लोक नोटा मोजत चालू लागायचे आणि कार्ड मशीनच्या तोंडात तसंच राहायचं. ‘कार्ड घ्यायला विसरू नका’ असं स्क्रीनवर लिहून झालं, बीप वाजवून झालं, तरी व्हायचं ते होतच होतं. मग क्रमच उलटा केला. आधी कार्ड काढा, तोवर पैसे बाहेर येणार नाहीत. माणसं तीच, त्यांचा विसरभोळेपणाही तोच, पण कार्ड मागे राहणं बरंच कमी झालं.

कारण साधं आहे. माणूस एटीएमकडे पैशांसाठी जातो, कार्डासाठी जात नाही. पैसे हातात आले की त्याच्या लेखी काम फत्ते झालं, आणि काम झाल्यावर उरलेली पायरी मनातून निसटतेच. झेरॉक्स काढल्यावर मूळ कागद काचेवर राहतो तो यामुळेच. ईमेल लिहून ‘पाठवा’ दाबतो आणि जोडायची फाइल राहून जाते, तेही याच जातीचं. म्हणून तर हल्ली काही ईमेल सेवा मजकुरात ‘सोबत जोडलं आहे’ अशा अर्थाचे शब्द दिसले आणि फाइल सापडली नाही, तर पाठवण्याआधी एकदा टोकतात.

माणूस असा वागतो हे धरून चालायचं आणि यंत्राचं वागणं त्याभोवती बेतायचं, हे इंटरॅक्शन डिझाइनचं काम. बिल मॉग्रिज आणि बिल व्हर्प्लँक या डिझायनरांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर या कामाला हे नाव दिलं. रंग, अक्षरं, चित्रं हेही त्यात येतं, पण मागाहून. आधी ठरवायचं असतं ते हे की माणसाला इथे काय करता येईल, त्याने ते केल्यावर यंत्र काय करेल आणि काय झालं ते त्याला कसं कळेल. हे ठरवताना आणखी एक गोष्ट आपोआप ठरून जाते, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही: कुठलं काम किती खटपटीचं असणार. मला तर सगळा खेळ या खटपटीच्या वाटपाचाच वाटतो. ती कुठे काढून टाकली आहे, कुठे मुद्दाम ठेवली आहे आणि कुणाच्या सोयीसाठी, एवढं पाहिलं तरी एखाद्या अ‍ॅपचा स्वभाव कळतो.

हा विचार घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं धावपट्टीवर नीट उतरायची आणि मग एकाएकी त्यांची चाकं आत ओढली जायची. विमान पोटावर आपटायचं. चौकशीतला शेरा ठरलेला, ‘वैमानिकाची चूक’. अल्फोन्स चॅपनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट तपासलं तेव्हा दिसलं, की चाकांची कळ आणि पंखांवरच्या फ्लॅप्सची, म्हणजे उतरताना बाहेर काढायच्या झडपांची, कळ शेजारीशेजारी आहेत आणि हाताला अगदी सारख्याच लागतात. उतरल्यावर फ्लॅप्स आत घ्यायचे असतात. मोहिमेवरून दमून आलेला वैमानिक न बघता हात घालायचा आणि शेजारची कळ ओढायचा. ज्या विमानांत या कळांची रचना वेगळी होती, तिथे हा प्रकार घडत नव्हता. चॅपनिसने चाकांच्या कळीच्या टोकाला छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅप्सच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. आता काळोखातही बोटांना कळायचं की आपण काय धरलं आहे. आजच्या विमानांतही चाकांच्या कळीचं टोक चाकाच्याच आकाराचं असतं.

पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी अशा ४६० ‘वैमानिकांच्या चुकां’चा अभ्यास केला. एक कळ समजून दुसरीच ओढणं, हा त्यातला सगळ्यात मोठा गट निघाला. एकाच जागी, एकाच तऱ्हेने इतकी माणसं चुकत असतील तर खापर माणसांवर फोडून काही साधत नाही, हे इथे आकड्यांत दिसलं. तरी आजही एखादा फॉर्म चुकला की आपण स्वतःलाच बोल लावतो. ‘मला मोबाइलमधलं काही कळत नाही’ असं म्हणणारी निम्मी माणसं माझ्या मते विनाकारण स्वतःला दोष देत असतात.

याच फिट्सने १९५४ साली एक नियम मांडला, जो आजही प्रत्येक स्क्रीनवर लागू पडतो. एखाद्या जागेवर बोट किंवा कर्सर न्यायला किती वेळ लागेल हे दोन गोष्टींवर ठरतं, ती जागा किती लांब आहे आणि किती मोठी आहे. जवळचं आणि मोठं पटकन सापडतं, लांबचं आणि चिमुकलं चुकतं. ऐकायला हे बाळबोध आहे. पण त्यातून बरंच निघतं. संगणकाच्या स्क्रीनची कड माउससाठी फार सोयीची, कारण कर्सर कितीही जोरात ढकलला तरी तो कडेपलीकडे जात नाही. नेम धरायची गरजच उरत नाही. मॅकचा मेनू अगदी वरच्या कडेला चिकटून असतो त्याचा फायदा हाच. फोनवर बोटासाठी किती जागा सोडायची याची मापंही याच विचारातून येतात. अ‍ॅपल आपल्या मार्गदर्शनात ४४ पॉइंट सांगतं, गूगल ४८ डीपी. दोन्हींची एककं वेगळी, पण हिशेब बोटाच्या टोकाचाच.

२०१३ साली स्टीव्हन हूबर यांनी रस्त्यात, बसमध्ये, रांगेत फोन वापरणाऱ्या लोकांची नुसत्या नजरेने १,३३३ निरीक्षणं नोंदवली. त्यात स्क्रीनला बोट लावून फोन वापरणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक तो एकाच हातात धरून अंगठ्याने चालवत होते. अंगठा मोठ्या फोनच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत सहज पोचत नाही, त्यामुळे पुढच्या काळात कितीतरी अ‍ॅपमधली महत्त्वाची बटणं खालच्या पट्टीत उतरली.

आता हाच नियम उलटा फिरवा. व्हिडिओवर आडवी आलेली जाहिरात बंद करायची फुली कधी नीट पाहिली आहे? इवलीशी, फिकट, कोपऱ्यात, आणि बरेचदा काही सेकंद उशिरा उगवणारी. बोट चुकतं आणि जाहिरात उघडते. ज्याने ती फुली तिथे ठेवली त्याला फिट्सचा नियम चांगलाच ठाऊक आहे.

मोठं बटण डोळ्यांना दिसतं तरी. काही बदल दिसतही नाहीत. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा मोठी शंका होती की काचेवर, खऱ्या कळांशिवाय, इतक्या लहान जागेत माणूस टाइप करणार तरी कसा. त्यावरची एक युक्ती अशी: पुढचं अक्षर कुठलं येण्याची शक्यता आहे याचा अंदाज घेऊन कीबोर्ड त्या अक्षराची स्पर्शाची हद्द गुपचूप वाढवतो आणि शेजारच्या अक्षरांची कमी करतो. चित्रातली कळ तेवढीच राहते, बदलते ती न दिसणारी हद्द. बोट थोडं बाजूला पडलं तरी योग्य अक्षर उमटतं आणि आपल्याला वाटतं, जमलं की आपल्याला! इथे यंत्र माणसाच्या वागण्याला उत्तर देतं आहे, आणि माणूस त्यामुळे आणखी बिनधास्त, आणखी वेगाने टाइप करू लागतो. वागणं डिझाइनला बदलतं आणि डिझाइन वागण्याला. हे चक्र पुढे सगळीकडे दिसेल.

बटण दाबल्यावर काय, हा दुसरा भाग. डोनाल्ड नॉर्मन या संशोधकाने माणूस आणि यंत्र यांच्यातल्या दोन दऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, मला हवं ते करायला इथे नेमकं काय करायचं? दुसरी, मी जे केलं त्याने नेमकं काय झालं? पहिल्या दरीवर सगळे मेहनत घेतात, दुसरी तशीच राहून जाते. पैसे भरायचं बटण दाबलं आणि स्क्रीन ढिम्म, तर माणूस काय करेल? पुन्हा दाबेल. त्याला अधीर म्हणण्यात अर्थ नाही. समोरच्याने हूं की चूं केलं नाही तर आपण पुन्हा विचारणारच. प्रतिसादाच्या वेळेचे ठोकताळे जुने आहेत. साधारण ०.१ सेकंदाच्या आत उत्तर आलं तर ते आपणच केलं असं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांच्या पुढे लक्ष दुसरीकडे जातं. १९६८ सालच्या एका अभ्यासापासून चालत आलेले हे आकडे जेकब नील्सन यांनी १९९३ साली पुन्हा मांडले. यंत्रं हजारो पटींनी वेगवान झाली, आकडे जवळपास तिथेच आहेत, कारण ते यंत्राचे आकडे नव्हेतच.

यातली गंमत अशी की वाट पाहणं नेहमीच वाईट वाटतं असं नाही. प्रवासाची तिकिटं शोधणाऱ्या साइटबद्दलच्या एका संशोधनात रायन ब्यूएल आणि मायकेल नॉर्टन यांना आढळलं, की ‘आता या कंपनीचे दर पाहतो आहे, आता त्या’ असं काम चालू असल्याचं दाखवलं तर लोक जास्त वेळ थांबूनही सेवेला जास्त गुण देतात. यंत्र आपल्यासाठी राबतं आहे हे दिसलं की बरं वाटतं. आता हे खरं काम दाखवणं झालं की नाटक, हे त्या-त्या साइटवर अवलंबून.

सवयीचा भाग मात्र गंमतीचा नाही. त्यासाठी थेरॅक-२५ची हकीकत जरा तपशिलात सांगायला हवी.

थेरॅक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं, संगणकावर चालणारं यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडामध्ये या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा केला. त्यातले काही त्या इजेने दगावले. मुळात दोष प्रोग्रामचा आणि सुरक्षेची वेगळी यांत्रिक सोय न ठेवण्याचा होता. पण तो दोष माणसापर्यंत पोचला तो स्क्रीन आणि कीबोर्डच्या वाटेने.

यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञांची सुरुवातीला तक्रार होती की सगळी माहिती पुन्हा टाइप करण्यात फार वेळ जातो. रास्त तक्रार. उत्पादकांनी सोय केली, की जुनीच मूल्यं ठेवायची असतील तर नुसतं रिटर्न दाबत खाली जा. झालं, टकटक रिटर्न दाबत जाणं हातांच्या अंगवळणी पडलं. त्यात यंत्र दिवसातून अनेकदा क्षुल्लक कारणासाठी अडायचं. स्क्रीनवर ‘मालफंक्शन’ आणि पुढे एक आकडा यायचा. त्या आकड्याचा उलगडा वापराच्या पुस्तिकेत नव्हता. पी दाबलं की काम पुढे सुरू. रोज हेच चाललं तर माणूस काय शिकतो? इशारा आला की पी दाबायचं.

मार्च १९८६मध्ये टेक्सासमधल्या एका केंद्रात तंत्रज्ञाने उपचाराचा प्रकार टाकताना ई (इलेक्ट्रॉन) ऐवजी एक्स (एक्स-रे) टाइप केलं. बहुतेक रुग्णांना एक्सच लागायचं, हाताने सवयीने तेच केलं. चूक लगेच लक्षात आली, कर्सर वर नेऊन दुरुस्त केली, टकटक रिटर्न मारत कर्सर खाली आणला, सुरू केलं. ‘मालफंक्शन ५४’. पी. आत झोपलेल्या रुग्णाला दोनदा भयंकर मारा बसला होता. यंत्रातली चुंबकं जागेवर यायला साधारण ८ सेकंद लागत आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती प्रोग्रामच्या एका भागाला कळतच नसे. हळू टाइप करणाऱ्याच्या हातून हा दोष कधी उघडा पडलाच नसता. चाचण्यांत तो सापडला नाही याचं एक कारण हेच, की सराईत हातांइतक्या वेगाने तिथे कुणी टाइप करत नव्हतं. नंतर त्या केंद्रातल्या तज्ज्ञाने आणि त्याच तंत्रज्ञाने मिळून, वेग वाढवत वाढवत, तो प्रसंग पुन्हा घडवून दाखवला तेव्हा कुठे मेख सापडली.

खटपट कमी केली, सवय लागली, आणि सवयीने इशाऱ्याचा अर्थच पुसून टाकला. आपल्या रोजच्या स्क्रीनवर जीव जात नाहीत, पण ‘नक्की डिलीट करायचं?’ हा प्रश्न याच मार्गाने निकामी झाला आहे. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा उत्तर ‘हो’ असतं, त्यामुळे शंभराव्या वेळीही बोट ‘हो’वर आपसूक पडतं. त्यापेक्षा करू द्यावं आणि मागे फिरता येईल असं ठेवावं, हे कधीही बरं. जीमेलमधलं ‘पाठवलेलं मागे घ्या’ तसंच आहे: ईमेल काही सेकंद रोखून ठेवलेलं असतं. माणसाला आपली चूक करण्याआधी दिसत नाही, केल्याबरोबर दिसते. विचारायची वेळच चुकली तर विचारून फायदा काय?

इतका वेळ एकेका माणसाचं बोललो. लाखो माणसं एकाच बटणाशी येतात तेव्हा चित्र आणखी बदलतं.

बागेत आखीव रस्ते असतात आणि तरी हिरवळीतून तिरकी पायवाट पडलेली असते. शहाणा माळी तिथे काटेरी कुंपण घालण्याआधी विचार करतो, लोकांना जायचं कुठे आहे? ट्विटरच्या बाबतीत अशा पायवाटा अगदी स्पष्ट दिसल्या. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना या वापरकर्त्याने सुचवलं की एका विषयावरची ट्वीट्स एकत्र दिसावीत म्हणून शब्दाआधी हॅशचं चिन्ह (#) लावूया. कंपनीने सुरुवातीला फार मनावर घेतलं नाही, लोकांनी घेतलं. २००९ साली ट्विटरने त्या शब्दांच्या लिंक केल्या.

रीट्वीटची कहाणी त्याहून बोलकी. दुसऱ्याचं ट्वीट आवडलं तर लोक ते कॉपी करायचे, आधी ‘आरटी’ आणि मूळ माणसाचं नाव लिहायचे, मग तेव्हाच्या १४० अक्षरांच्या मर्यादेत बसवायला काटछाट करायचे. कंटाळवाणं काम. पण या काटछाटीत ते ट्वीट निदान एकदा वाचून व्हायचं, आणि हे खरंच पुढे पाठवायचं का, असा विचार मनात यायला दहावीस सेकंद मिळायचे. नोव्हेंबर २००९मध्ये रीट्वीटचं बटण आलं. पायवाटेवर फरशी बसली. त्या बटणावर काम केलेल्या ख्रिस वेदरेल यांनी २०१९ साली एका मुलाखतीत त्याबद्दल उघड खंत बोलून दाखवली. खटपट गेली तिच्याबरोबर विचाराची फटही गेली, आणि राग आणणारं ट्वीट सगळ्यात वेगाने पळू लागलं.

मग काढलेली खटपट परत आणायचे प्रयोग सुरू झाले, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच. २०२० साली ट्विटरने, बातमीची लिंक न उघडताच ती पुढे पाठवणाऱ्याला ‘आधी वाचणार का?’ असं विचारून पाहिलं. कंपनीने सांगितलं की हा प्रश्न दिसल्यावर लोकांनी लेख उघडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढलं. बंदी कसलीच नव्हती, नुसता एक प्रश्न. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, अमेरिकी निवडणुकीच्या तोंडावर, आणखी मोठं पाऊल उचललं. रीट्वीट दाबलं की स्वतःचं काहीतरी लिहायची चौकट आपोआप उघडायची. अपेक्षा अशी, की लोक थांबतील, विचार करतील, मत लिहितील. पुढे पाठवण्याचं एकूण प्रमाण २० टक्क्यांनी घटलं खरं, पण वाढीव प्रतिक्रियांपैकी ४५ टक्के एकाच शब्दाच्या होत्या. लोकांनी चौकट भरायची म्हणून भरली. डिसेंबरात तो बदल मागे घेतला. खटपटीने वेग कमी होतो, विचार वाढेलच असं नाही. डिझाइनकडून माणूस सुधारण्याची आशा धरणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

वेग कमी करणं हेच ध्येय असेल तर मात्र खटपट चोख काम करते. व्हॉट्सअ‍ॅपने जानेवारी २०१९मध्ये जगभर फॉरवर्डला एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली. एप्रिल २०२०मध्ये, खूप वेळा फॉरवर्ड होऊन आलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. त्या महिन्याच्या अखेरीस कंपनीने सांगितलं की असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले. कुणाला काही समजावलं नाही, कुणाचा मेसेज वाचला नाही. फक्त अंगठ्याला चार जादा फेऱ्या मारायला लावल्या.

आता दुसऱ्या बाजूला या. खटपटीत एवढी ताकद असेल, तर तिचा वापर गिऱ्हाइकाविरुद्ध होणारच. हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० साली अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ असं नाव देऊन त्यांची यादी करायला घेतली. आत यायला एक टिचकी, बाहेर पडायला चक्रव्यूह. नकाराचं बटण फिकट करड्या रंगात. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ अशा शब्दांत लाजवणं. २०१९ साली संशोधकांनी सुमारे ११,००० खरेदीच्या साइट प्रोग्राम लावून तपासल्या, तेव्हा त्यांतल्या साधारण ११ टक्क्यांवर असे प्रकार सापडले, एकूण १,८१८.

कुकीजच्या, म्हणजे साइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवायच्या नोंदींच्या, परवानगीचा चौकोन हे यातलं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. २०२०च्या एका प्रयोगात नकाराचं बटण काढलं नव्हतं, फक्त पहिल्या पानावरून आतल्या पानावर नेलं होतं. एवढ्यानेच होकाराचं प्रमाण २२ ते २३ टक्के अंकांनी वाढलं. माणसांचं खासगीपणाबद्दलचं मत एका टिचकीत बदललं असं कुणी म्हणणार नाही. मत तेच होतं, ते सांगायचा खर्च वाढला होता. म्हणून ‘इतक्या लोकांनी परवानगी दिली’ असा आकडा कुणी तोंडावर फेकला की मला पहिल्यांदा तो चौकोन पाहावासा वाटतो.

कायद्याचं लक्ष आता इकडे वळलं आहे. जर्मनीत जुलै २०२२पासून, ऑनलाइन घेता येणारं सदस्यत्व रद्द करण्यासाठी साइटवर स्पष्ट नाव लिहिलेलं बटण असणं बंधनकारक आहे. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यात फसव्या रचनेला मनाई आहे. भारतानेही २०२३ साली १३ प्रकारच्या डार्क पॅटर्नवर नियम केले. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ साली अ‍ॅमेझॉनवर दावा लावला, त्यात तक्रार अशी होती की प्राइम हे सदस्यत्व रद्द करायला चार पानं, सहा टिचक्या आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागायचे. सप्टेंबर २०२५मध्ये कंपनीने, आरोप मान्य न करता, २५० कोटी डॉलरवर तडजोड केली. टिचक्या मोजता येतात, म्हणून कोर्टात टिकतात.

पण हे घडतं कसं? बंद खोलीत बसून कुणी दुष्टपणा आखतं असं दर वेळी नसतं. बहुतेकदा मोजपट्टीच ते काम करते. एकाच पानाची दोन रूपं करायची, निम्म्या लोकांना एक, निम्म्यांना दुसरं दाखवायचं आणि ज्यावर जास्त टिचक्या पडतील ते ठेवायचं. गूगलने एकदा निळ्या रंगाच्या ४१ छटा अशा तपासल्या होत्या. तिथले मुख्य व्हिज्युअल डिझायनर डग्लस बोमन यांनी २००९ साली नोकरी सोडताना वैतागून ते लिहिलं होतं. ही पद्धत वाईट नाही. मी तर म्हणेन, साहेबांच्या आवडीनिवडीपेक्षा केव्हाही बरी. अडचण एवढीच की टिचकी पडली हे कळतं, का पडली ते कळत नाही. आवडीने पडली, चुकून पडली, की दुसरं काही सापडेना म्हणून पडली, आकडा तिन्हींना सारखाच. त्यातून दर आठवड्याला जिंकणारं रूप निवडत गेलं, की वर्षभराने कुणीही न आखलेला सापळा तयार होऊ शकतो.

न संपणारं स्क्रोल हे त्याचं मोठं उदाहरण. एझा रॅस्किन यांनी २००६ साली ते आणलं तेव्हा हेतू साधा होता, ‘पुढचं पान’ दाबायचा त्रास वाचवायचा. खाली ओढून ताजं करण्याची हालचाल लॉरेन ब्रिक्टर यांनी ट्वीटी नावाच्या अ‍ॅपसाठी बनवली, तीही सोय म्हणूनच. दोघांनीही पुढे जाहीरपणे त्याबद्दल अस्वस्थता बोलून दाखवली आहे. खाली ओढलं की कधी काही नवं मिळतं, कधी नाही. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसेल तर प्राणी ती कृती सोडता सोडत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवून कितीतरी दशकं झाली. हल्ली याला सरसकट ‘डोपामीन’ या मेंदूतल्या रसायनाचं लेबल लावायची फॅशन आहे. मला ते घाईचं वाटतं. त्याहून साधं कारण पुरेसं आहे: पान संपायचं तेव्हा थांबू का, हा प्रश्न आपोआप समोर यायचा. आता तो येतच नाही. मनाशी ‘अजून पाहायचं आहे’ असं न ठरवताही माणूस पाहत राहतो.

इथे कायद्याचीही पंचाईत होते, कारण मोजायला टिचकीच नाही. २०२४ साली युरोपीय आयोगाने टिकटॉक लाइटमध्ये व्हिडिओ पाहण्याबद्दल गुण देणाऱ्या योजनेची चौकशी सुरू केली आणि ऑगस्टमध्ये कंपनीने ती युरोपात कायमची मागे घेतली. गुण, बक्षिसं यांवर बोट ठेवता येतं. ज्या यादीला शेवटच नाही तिच्यात नेमकं कशावर ठेवणार?

काही कंपन्यांनी आपणहून शेवट आखून पाहिला. जुलै २०१८मध्ये इन्स्टाग्रामने फीडमध्ये एक खूण घातली: तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांचं गेल्या दोन दिवसांतलं सगळं पाहून झालं. थांबायला जागा मिळाली. ऑगस्ट २०२०मध्ये त्याच खुणेच्या खाली, आपण फॉलो करत नसलेल्या लोकांच्या ‘सुचवलेल्या पोस्ट’ सुरू झाल्या.